चंद्र आणि उपग्रह खाली का पडत नाहीत? दहावीच्या वर्गात नेमके काय सांगावे?

गिरणाकाठ (सोमवार, रात्री ९.१२)

नमस्कार मंडळी. मी चाळीसगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात सुरुवातीचा धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे आणि शेवटचा अंतराळ मोहिमांचा. दोन्ही धडे शिकवून झाले तरी 'उपग्रह खाली का पडत नाही' या प्रश्नावर मुलांकडून दोनच उत्तरे येतात. एक असे, की तेवढ्या उंचीवर गुरुत्वाकर्षण उरतच नाही. दुसरे असे, की आत ओढणारे अभिकेंद्री बल आणि बाहेर ढकलणारे अपकेंद्री बल सारखे होते, म्हणून उपग्रह मध्येच टिकून राहतो. पहिले उत्तर साफ चूक आहे. दुसरे अनेक गाइडांत छापलेले असते, त्याला गुणही मिळतात, आणि माझ्या मते तेही चूकच आहे.

उपग्रह सतत पडतच असतो, हे खरे उत्तर. परंतु हे वाक्य वर्गात उच्चारले की 'मग तो जमिनीला का लागत नाही?' असा प्रश्न येतो आणि घंटा होते. फळा सूत्रांनी न भरता, पण खोटेही न सांगता हे कसे समजवावे? आपण कसे सांगता, किंवा आपल्याला कोणी कसे सांगितले, ते कृपया लिहावे.

केळीबाग, रावेर (सोमवार, रात्री ९.४०)

ताई, मुलांचे पहिले उत्तर एवढे साफ चूक कसे म्हणता? शुभांशू शुक्ला २०२५ मध्ये अंतराळ स्थानकावर गेले होते, तेव्हा ते हवेत तरंगताना आपण सर्वांनीच पाहिले. वजन नाही म्हणजे ओढ नाही, असाच अर्थ आमच्यासारखा माणूस काढणार.

तापीतीर (सोमवार, रात्री १०.०५)

केळीबाग भाऊ, अंतराळ स्थानक जमिनीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे ६,३७१ चे ६,७७१ झाल्याने त्यात फार मोठा फरक पडत नाही. जमिनीवर गुरुत्व त्वरण ९.८ आहे, तेथे ते ८.७ च्या आसपास भरते. जळगावात ४०० किलोमीटर उंचीचा मनोरा बांधला आणि त्याच्या माथ्यावर ६० किलो वजनाच्या माणसाला काट्यावर उभे केले, तर काटा सुमारे ५३ किलो दाखवील. त्या मनोऱ्यावर कोणीही तरंगणार नाही, आणि कठड्यावरून पाय घसरला तर थेट खालीच येईल.

शुक्ला तरंगत होते, कारण त्यांच्या पायाखालचे स्थानकही त्यांच्याच त्वरणाने पडत होते. पायाखालची फरशी तुमच्याबरोबर पडत असेल, तर ती तुम्हाला वर रेटत नाही, आणि वजनाची जाणीव आपल्याला त्या रेट्यामुळेच होत असते.

केळीबाग, रावेर (सोमवार, रात्री १०.११)

मनोऱ्याचे पटले. आता 'पडत होते, पण खाली आले नाही' हे पटवून द्या.

सातपुड्याची_सावली (सोमवार, रात्री १०.५०)

हा युक्तिवाद न्यूटननेच मांडून ठेवला आहे. त्याने एका उंच पर्वतावर तोफ ठेवली होती. आपण आपली तोफ नंदुरबार जिल्ह्यातल्या अस्तंब्याच्या शिखरावर ठेवू आणि हवेचा अडथळा नाही असे धरू. गोळा पूर्वेच्या बाजूला अगदी आडवा सोडला. वेग बेताचा असेल तर तो शिरपूरच्या आसपास पडेल, वाढवला तर चोपड्याकडे, आणखी वाढवला तर रावेरच्या पुढे. जमीन सपाट असती तर वेग कितीही वाढवला तरी गोळा कोठेतरी पडलाच असता. परंतु पृथ्वी गोल आहे, त्यामुळे आडव्या रेषेत पुढे जावे तसतशी जमीन त्या रेषेच्या खाली जात राहते.

किती खाली? सुमारे आठ किलोमीटर पुढे गेल्यावर साधारण पाच मीटर. आणि कोणतीही वस्तू सोडल्यावर पहिल्या सेकंदात किती पडते? तेही साधारण पाच मीटर, नेमके सांगायचे तर ४.९. म्हणजे गोळ्याचा वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर ठेवला, तर तो एका सेकंदात जेवढा खाली येतो तेवढीच जमीनही त्याच्याखालून दूर सरकलेली असते. पुढच्या सेकंदात पुन्हा तेच. पडणे क्षणभरही थांबलेले नाही, तरीही जमिनीपासूनची उंची तेवढीच. दहावीच्या पुस्तकात याला क्रांतिक वेग म्हटले आहे. मुले सूत्र पाठ करतात. हे पाच मीटर आणि आठ किलोमीटर मात्र त्यांना कोणी दाखवत नाही, आणि माझ्या मते सगळी गोम तेथेच आहे.

आजीचा_नातू (सोमवार, रात्री ११.०२)

हे सगळे मी आत्ताच माझ्या आईला वाचून दाखवले, तेव्हा तिने अहिराणीत एका वाक्यात निकाल लावला: "चांद पडस, पन खाले येत नही, इतलंच ना?"

यावलकर_शेती (मंगळवार, सकाळी ६.३५)

मला हे गोफणीवरून समजले. ज्वारीच्या राखणीला मचाणावर बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, की दगड फिरत असताना दोरी हात बाहेर ओढते, म्हणजे खरे तर आपण दगडाला आत ओढत असतो. दोरीचे एक टोक सोडले की दगड त्या क्षणी ज्या दिशेने निघालेला असतो त्या दिशेने सरळ जातो. हाताच्या उलट बाजूला, बाहेर, तो कधीच जात नाही. बाहेर ढकलणारे बल दगडावर खरोखर असते, तर सुटल्यावर तो केंद्रापासून थेट दूर गेला असता. गिरणाकाठ ताईंचे दुसरे म्हणणे यावरून सिद्ध होते असे मला वाटते. गुरुत्वाकर्षण म्हणजे न दिसणारी दोरी, एवढे मुलांना सांगितले तर पुरे.

सातपुड्याची_सावली (मंगळवार, सकाळी ८.२०)

यावलकर, सुटलेल्या दगडाची दिशा तुम्ही अचूक सांगितली, परंतु 'एवढे पुरे' याला माझी हरकत आहे. गोफणीची दोरी ठरावीक लांबीची असते, आणि दगड जोरात फिरवला तर ताण वाढतो, लांबी मात्र तीच राहते. गुरुत्वाकर्षणाची लांबी कोणी बांधून दिलेली नाही. उपग्रहाचा वेग वाढवला तर पृथ्वी त्याला अधिक जोराने धरून ठेवत नाही, त्यामुळे तो दूर जातो आणि त्याची कक्षा लंबवर्तुळ होते. वेग सेकंदाला ११.२ किलोमीटरपर्यंत नेला तर तो परतच येत नाही. शिवाय दूरच्या कक्षेत वेग कमी लागतो, हे गोफणीवरून कधीच उमगणार नाही: अंतराळ स्थानक सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर जाते आणि चंद्र एकच किलोमीटर. दिशा समजवण्यापुरती गोफण वापरावी आणि लगेच खाली ठेवावी.

विजेची_वाट (मंगळवार, सकाळी ८.३१)

आमच्या फिडरवर रोज भारनियमन असते, पृथ्वीने मात्र आजवर एकदाही ओढ बंद ठेवलेली नाही, याबद्दल तिचे अभिनंदन.

प्रतापी_विद्यार्थी (मंगळवार, सकाळी ११.१५)

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून अपकेंद्री बलाची बाजू थोडी मांडतो. त्याला सरसकट खोटे म्हणणे न्याय्य नाही. उपग्रहाबरोबर फिरणारी संदर्भ चौकट घेतली, तर त्या चौकटीत उपग्रह स्थिर असतो, आणि तो स्थिर का आहे हे सांगण्यासाठी बाहेरच्या दिशेचे एक बल मानावे लागते. अभियंते असे गणित नेहमी करतात आणि उत्तर बरोबर येते. घोटाळा होतो तो दोन चौकटी एकाच वाक्यात मिसळल्याने. 'उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो' असे म्हणताना आपण बाहेर उभे राहून पाहत असतो, आणि तेथून पाहणाऱ्याला उपग्रहावर एकच बल दिसते, ते म्हणजे पृथ्वीचे आकर्षण.

मुलांना एकच प्रश्न विचारावा. दोन बले समान आणि विरुद्ध असतील, तर एकूण बल किती? शून्य. एकूण बल शून्य असलेल्या वस्तूचे न्यूटनच्या पहिल्या नियमाप्रमाणे काय होते? ती सरळ रेषेत, एकाच वेगाने जाते. मग चंद्र वळतो कसा? बले 'समान झाली' म्हणणाऱ्याने चंद्राला सरळ रेषेत कायमचे रवाना केलेले असते. नववीतला नियम दहावीत वापरायला लावणारा हा प्रश्न मी दर वर्षी प्रथम वर्षाच्या वर्गात विचारतो, आणि निम्मा वर्ग गप्प होतो, कारण गाइडातले वाक्य त्यांच्याही डोक्यात पक्के बसलेले असते.

पाटणादेवी_रस्ता (मंगळवार, दुपारी १.०५)

चाळीसगावच्या ताई प्रश्न विचारतात आणि अजून कोणी भास्कराचार्यांचे नावही घेतले नाही, याचे आश्चर्य वाटते. तुमच्या तालुक्यातल्या पाटण्याच्या मंदिरात शिलालेख आहे. न्यूटनच्या पाचशे वर्षे आधी, ११५० च्या सिद्धान्तशिरोमणीत 'आकृष्टिशक्तिश्च मही' असे स्पष्ट लिहिलेले आहे. मुलांना ते आधी सांगावे, तोफ नंतर.

गिरणाकाठ (मंगळवार, सायंकाळी ५.४०)

मी तो श्लोक वर्गात सांगते आणि दर वर्षी सहलीला मुलांना पाटणादेवीलाही नेते. तो शिलालेख भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाचा आहे, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांसमोर आणला. परंतु श्लोकात काय आहे आणि काय नाही, हे दोन्ही सांगितले पाहिजे. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे, आकाशातली जड वस्तू ती स्वतःकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडताना दिसते, आणि पृथ्वीच्या सर्व बाजूंना आकाश सारखेच असताना ती स्वतः कोठे पडणार, असा तो विचार आहे. पृथ्वीला आधार कशाचा, या प्रश्नाला दिलेले हे अतिशय धारदार उत्तर आहे. मात्र ग्रह-ताऱ्यांच्या रोजच्या फिरण्याचे कारण त्याच ग्रंथात प्रवह वायू, म्हणजे आकाशात अखंड वाहणारा वारा, असे दिलेले आहे. झाडावरून पडणारे फळ आणि आकाशात फिरणारा चंद्र या दोहोंमागे एकच ओढ आहे, हा दुवा १६८७ मध्ये न्यूटनच्या ग्रंथात सिद्ध झाला. आपल्या माणसाचा मान त्याने जे म्हटले त्यावरच ठेवावा. तो पुरेसा मोठा आहे.

तापीतीर (मंगळवार, सायंकाळी ६.२५)

त्या दुव्याची पडताळणी मुलांकडून वहीत करून घेता येते, म्हणून सविस्तर लिहितो. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे ३,८४,००० किलोमीटरवर आहे, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या साधारण ६० पट. ओढ अंतराच्या वर्गाने घटत असेल, तर चंद्राजवळ ती ६० गुणिले ६०, म्हणजे ३,६०० पट कमी असली पाहिजे. जमिनीजवळ वस्तू पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडते. त्याला ३,६०० ने भागले की १.३६ मिलिमीटर येतात.

आता दुसऱ्या बाजूने या. चंद्र २७.३ दिवसांत एक फेरी पूर्ण करतो, त्यावरून त्याचा वेग सेकंदाला एका किलोमीटरपेक्षा किंचित जास्त निघतो. एवढे अंतर सरळ गेला असता तर तो आपल्या वर्तुळाकार मार्गापासून किती बाहेर गेला असता, हे भूमितीने काढले की पुन्हा १.३६ मिलिमीटरच येतात. दहावीच्या मुलाला पायथागोरसचा सिद्धान्त येतो. त्याला याहून अधिक काहीही लागत नाही. एका सेकंदात किलोमीटरभर पुढे जाताना चंद्र आपल्याकडे सुमारे दीड मिलिमीटरच पडतो, हे पट्टीवर दाखवावे.

छत्रीवाला_धुळे (मंगळवार, रात्री ८.००)

मी दूरदर्शनच्या मोफत वाहिन्यांच्या छत्र्या बसवतो. आपण म्हणता की उपग्रह पडू नये म्हणून त्याला वेग हवा. परंतु मी गच्चीवर छत्री आग्नेयेकडे वळवतो, सिग्नलचा आकडा पुरेसा वर आला की नट आवळतो, आणि पुढे वर्षानुवर्षे तिला हात लावावा लागत नाही. उपग्रह जागचा हलत असता तर सिग्नल गेला असता. न हलणारा उपग्रह का पडत नाही?

प्रतापी_विद्यार्थी (मंगळवार, रात्री ८.४५)

या धाग्यातला हा सर्वांत चांगला प्रश्न आहे. तो उपग्रह जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर असतो आणि सेकंदाला तीन किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असतो. त्या अंतरावर टिकून राहायला जो वेग लागतो, त्याने एक फेरी पूर्ण करायला २३ तास ५६ मिनिटे लागतात, आणि पृथ्वीलाही स्वतःभोवती फिरायला तेवढाच वेळ लागतो. तो धावतो आणि तुमची गच्चीही त्याच गतीने फिरते, म्हणून तो तुम्हाला जागच्या जागी दिसतो. उंची वेगळी घेतली तर हा मेळ बसत नाही.

छत्रीच्या दिशेतही हेच गणित आहे. कक्षेचे प्रतल पृथ्वीच्या केंद्रातून जावे लागते, कारण ओढ केंद्राकडे असते. म्हणून धुळ्याच्या डोक्यावर कायमचा स्थिर राहील असा उपग्रह ठेवताच येत नाही. भूस्थिर उपग्रह फक्त विषुववृत्तावरच असू शकतात. खानदेशातून विषुववृत्त दक्षिणेला, आणि मोफत वाहिन्या देणारा जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे आपल्या रेखांशापेक्षा बराच पूर्वेकडे. दक्षिण आणि पूर्व मिळून तुमची आग्नेय दिशा येते.

छत्रीवाला_धुळे (मंगळवार, रात्री ८.५२)

गिऱ्हाईक 'उत्तरेच्या भिंतीवर बसवा' म्हणून हट्ट धरते, त्याला आता हेच वाचून दाखवीन.

जुना_भुसावळकर (बुधवार, सकाळी ७.१०)

पडत राहतो पण पोहोचत नाही, हे ऐकायला छान आहे. पण काही पोहोचलेही आहेत. १९७९ च्या जुलैमध्ये स्कायलॅब ही अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा पडणार म्हणून आमच्या रेल्वे वसाहतीत एवढी घबराट होती, की रात्री अंगणात झोपणारी माणसे घरात झोपू लागली, जणू पत्र्याचे छप्पर ते अडवणार होते. अखेर ११ जुलैला ती हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडली. २०२२ च्या गुढीपाडव्याच्या संध्याकाळीही आकाशातून जळत जाणारे तुकडे आम्ही गच्चीवरून पाहिले, आणि चंद्रपूरकडे सिंदेवाही तालुक्यात मोठे लोखंडी कडे पडलेले सापडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत असे तेव्हा तज्ज्ञांनी सांगितले होते. यांच्या बाबतीत नियम कोठे गेला?

सातपुड्याची_सावली (बुधवार, सकाळी ९.३०)

नाना, मी अस्तंब्यावरून तोफ डागताना 'हवेचा अडथळा नाही असे धरू' असे म्हटले होते, तीच अट येथे मोडते. तीनचारशे किलोमीटरवरही अतिविरळ हवा असते. तिचा रोध कमी असतो, पण अखंड असतो, आणि उपग्रहाची ऊर्जा थोडी थोडी खात राहतो. सूर्य अधिक सक्रिय झाला की वातावरण तापून फुगते आणि रोध वाढतो. स्कायलॅब अंदाजापेक्षा लवकर खाली येण्यामागे हे मोठे कारण होते. आजच्या अंतराळ स्थानकालाही मधूनमधून इंजिने चालवून वर उचलावे लागते. चंद्र मात्र या हवेच्या पार पलीकडे आहे, त्यामुळे त्याची काळजी नको.

यात एक गंमत आहे. रोधाने उपग्रह मंद व्हावा असे आपल्याला वाटते, पण तो खालच्या कक्षेत येतो आणि तेथे त्याचा वेग वाढतो. खाली उतरताना स्थितिज ऊर्जा जेवढी जाते, त्यातली अर्धी गतीत आणि अर्धी उष्णतेत जाते. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थानकाबाहेर काम करताना दोन अंतराळवीरांची हत्यारांची पिशवी निसटली. ती थेट जमिनीकडे गेली नाही. स्थानकाच्याच कक्षेत फिरत राहिली, आणि पुढे रोधामुळे किंचित खाली उतरून स्थानकाच्या पुढे पुढे पळू लागली.

केळीबाग, रावेर (बुधवार, सकाळी ९.५५)

पिशवी आणि स्थानक सुरुवातीला एकाच कक्षेत? स्थानक चारशे टनांहून जड आहे म्हणे. जड वस्तू जास्त ओढली जात नाही का?

तापीतीर (बुधवार, सकाळी १०.१५)

जास्त ओढली जाते, परंतु तिला वळवायलाही तेवढ्याच प्रमाणात जास्त बल लागते, त्यामुळे वस्तुमान दोन्हीकडून कटते. क्रांतिक वेगाच्या सूत्रात उपग्रहाचे वस्तुमान नाही, ते याच कारणाने.

बोरीचा_बांध (बुधवार, दुपारी ३.२०)

आडवा वेग हवा हे समजले, पण तो देतो कोण?

प्रतापी_विद्यार्थी (बुधवार, सायंकाळी ७.००)

उपग्रहांना अग्निबाण देतो, आणि त्याची खरी मेहनत उंची गाठण्यात नसतेच. ४०० किलोमीटर वर नेण्यास प्रत्येक किलोमागे जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या सुमारे आठपट ऊर्जा तेथे आडवा वेग देण्यात खर्च होते. म्हणून श्रीहरिकोट्याहून सरळ वर गेलेला अग्निबाण काही वेळातच कलू लागतो. पूर्वेकडे सोडला तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे सेकंदाला सुमारे ४५० मीटर वेग फुकट मिळतो.

ग्रहांना तो जन्मतःच मिळाला. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धुळीचा जो ढग आकसून सूर्य झाला, तो आधीपासूनच सावकाश फिरत होता. ज्या द्रव्याजवळ पुरेसा आडवा वेग नव्हता ते सूर्यात गेले, उरलेल्या द्रव्याचे ग्रह झाले. तेथे हवा नाही, रोध नाही, म्हणून तो वेग आजवर टिकला. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर पुढे जाते आणि तेवढ्यात सूर्याकडे केवळ तीन मिलिमीटर पडते.

उन्हाचा_तडाखा (बुधवार, रात्री ८.१०)

तीन मिलिमीटर म्हणता, पण मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या वर गेला की पृथ्वी निम्मी तरी सूर्यात पडली असावी असे वाटते.

तापीतीर (बुधवार, रात्री ८.४०)

गंमत अशी, की पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते ती जुलैच्या आरंभी, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर, आणि सर्वांत जवळ जानेवारीच्या आरंभी, आपण हुरडा खातो तेव्हा, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. आपला उन्हाळा अक्षाच्या कलामुळे येतो. अंतराचा परिणाम वेगावर होतो: जवळ असताना पृथ्वी भराभर जाते, दूर असताना सावकाश. केप्लरने १६०९ मध्ये हे मांडले, आणि त्याचा पुरावा घरातल्या दिनदर्शिकेत आहे. मार्चच्या विषुवदिनापासून सप्टेंबरच्या विषुवदिनापर्यंत सुमारे १८६ दिवस भरतात, आणि तेथून परत मार्चपर्यंत सुमारे १७९. अर्धी फेरी दोन्हीकडे, दिवस मात्र कमीजास्त. मोजून पाहावे.

गिरणाकाठ (गुरुवार, सायंकाळी ६.१५)

सर्वांचे आभार. आज तास घेतला. क्रम असा ठेवला: आधी जळगावचा मनोरा, मग अस्तंब्याची तोफ, मग प्रतापी सरांचा 'एकूण बल किती?' हा प्रश्न, आणि शेवटी वहीत १.३६ मिलिमीटर. गोफण एका मुलाने स्वतःच काढली, त्यामुळे तिच्या मर्यादाही सांगता आल्या. पायथागोरसच्या आकडेमोडीत काही जण अडखळले, ते उद्या पुन्हा घेईन. परीक्षेत मात्र दोन बलांचे वाक्यच लिहावे का, असे तिघांनी विचारले. मी त्यांना 'एकच बल, गुरुत्वाकर्षण, आणि तेच अभिकेंद्री बल' असे लिहायला सांगितले, कारण पुस्तकाशीही ते जुळते.

एका मुलीने जाता जाता विचारले, की चंद्राचा आडवा वेग कोणी एकदम काढून घेतला, तर तो आपल्यापर्यंत किती दिवसांत पोहोचेल? मी उद्या सांगते म्हटले आहे. कोणी सोपी रीत सांगेल का?

सातपुड्याची_सावली (गुरुवार, सायंकाळी ७.०५)

पाच दिवसांपेक्षा थोडे कमी. सरळ पडणे म्हणजे अगदी चपट्या लंबवर्तुळावरून जाणे असे धरावे. त्याची लांबी चंद्राच्या सध्याच्या कक्षेच्या निम्मी होते. केप्लरच्या तिसऱ्या नियमाने त्याचा पूर्ण फेरीचा काळ काढावा आणि त्याचे अर्धे घ्यावे, कारण चंद्राला जायचेच आहे, परत यायचे नाही. आकडेमोड एवढीच, की लांबी निम्मी झाली तर पूर्ण फेरीचा काळ २.८३ पट कमी होतो आणि त्याचेही अर्धे घ्यायचे, म्हणून २७.३ ला ५.६६ ने भागावे, ४.८ दिवस येतात. हीच रीत पृथ्वी आणि सूर्याला लावली तर ३६५ भागिले ५.६६, म्हणजे साधारण ६५ दिवस. दुसरे गणित त्या मुलीलाच करू द्यावे.